ज्या घरातून डोळा यायचा होता

"मॅडम, आमचे हे गेले. पंखा बंद केलाय. डोक्याखाली उशी दिलीय. कापूस ओला करून डोळ्यांवर ठिवलाय. अजून काय करायचं राहिलं का?"

फोन मार्थाबाईंचा होता. सकाळची वेळ, ओपीडीत गर्दी, आणि मी एका म्हातारबाबांना ड्रॉप्स कसे घालायचे ते तिसऱ्यांदा समजावत होते. ऐकता ऐकता माझ्या हातून ड्रॉप बाबांच्या डोळ्याऐवजी गालावर पडला. म्हातारबाबा म्हणाले, "काय झालं पोरी?" मी म्हटलं, "काही नाही बाबा, डोळे मिटा."

माझी नोकरी आय डोनेशन काउन्सेलरची. म्हणजे माणूस गेल्याचं कळलं की त्याच्या घरी जायचं आणि रडणाऱ्या माणसांना विचारायचं, डोळे देता का? माझं सासर तुळजापूरचं, शिक्षकांचं घर. सासूबाईंना शेजारणींनी विचारलं की त्या नुसतं "दवाखान्यात आहे" एवढंच सांगायच्या. मी तोंडाची फटकळ, म्हणून ही नोकरी जमली. कुणी अंगावर धावून आलं तरी मी जागची हलत नाही.

पण इतक्या वर्षांत नेहमी मीच विचारायला गेले. घरच्या माणसानं स्वतः फोन करून, सगळं बैजवार करून ठेवून, "अजून काय राहिलं का" असं विचारणं फार क्वचित झालं. पंखा चालू राहिला तर डोळा वाळतो, म्हणून तो बंद करायचा. डोकं उंच ठेवायचं. पापण्या मिटून ओला कापूस ठेवायचा. आणि सहा तासांच्या आत आम्हाला बोलवायचं. मार्थाबाईंना हे सगळं पाठ होतं, कारण ओपीडीच्या बाकावर बसून बसून त्यांनी माझी तीच ती टकळी शंभरदा ऐकली होती. त्या स्वतः आमच्या वेटिंग लिस्टवर होत्या. दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या.

कळंबच्या अलीकडं त्यांचं गाव. उजव्या डोळ्यात लहानपणी गोवरानं फूल पडलेलं. फूल म्हणजे बुबुळावरची काच पांढरी होते. डोळा आतून चांगला असला तरी उजेड आत शिरत नाही. डावा डोळा ठणठणीत होता. मग एका साली ज्वारीच्या काढणीत ताटाचं पान फाटकन डोळ्याला लागलं. कुणीतरी पाल्याचा रस घालायला सांगितला. त्यातून बुरशी धरली. जखम भरली, पण काच गेली. आता दुसऱ्या कुणाची तरी काच बसवणं एवढाच इलाज.

नवरा दानियलभाऊ. एसटीत कंडक्टर होते, कळंब-भूम लाइनवर बरीच वर्षं. रिटायर झाले तरी कंडक्टरपणा काही गेला नाही. आमच्या ओपीडीत आले की आधी लोकांना सरळ उभं करायचे. "रांगंत या, रांगंत या, समद्यांना न्यायचंय." मग बायकोला बाकावर बसवून सांगायचे, "पदर सांभाळ, खाली लोळतोय." ही त्यांची रोजची टेप होती. चढताना पदर, उतरताना पदर. मार्थाबाई वैतागायच्या. "व्हय व्हय, सांभाळते. तुमाला दुसरं काय दिसतच न्हाय का?"

मार्थाबाईंना डोळा कशासाठी हवा होता ते त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "म्या ह्यांना बघितलं ते केस काळे असताना. आता म्हणं टक्कल पडलंय. मला एकदा ह्यांचं म्हातारं तोंड बघायचंय, मॅडम. बास. मग मिटला डोळा तरी चालंल." दानियलभाऊ लगेच म्हणाले, "घाई करू नको. लई देखणा झालोय. दृष्ट लागंल."

त्यांच्या गावात ख्रिस्ती घरं थोडीच. दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. एकदा मी गावात कॅम्पला गेले होते तेव्हा मार्थाबाईंनी मला चहाला थांबवलं. त्या दिवशी प्रार्थना त्यांच्याच घरी होती. पाळकसाहेबांनी सुरुवात केली आणि एकेक जण बोलू लागला. प्रत्येकाच्या मागण्यात मार्थाबाईंचा डोळा होता. "प्रभू, आमच्या भगिनीला लवकरात लवकर डोळा दे." आमेन झाल्यावर मार्थाबाईंनी मला विचारलं, "मॅडम, लवकर म्हंजी कवा? डोळा येतो तरी कुठनं?"

मी म्हटलं, "कुठून येणार? माणूस गेला की येतो. दुसरी जागा नाही."

मार्थाबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. मला वाटलं, झालं, ही बाई आता नाव काढून घेते.

"म्हंजी आमी इतके दिस कुणाचं तरी मरण मागत व्हतो?" त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी समजावलं, तसं नसतं, जाणारा आपल्या वेळेलाच जातो. त्यांना काही ते पटलं नाही. पुढच्या बुधवारपासून त्यांनी मंडळीला बजावलं, माझ्या डोळ्याचं कुणी मागायचं न्हाय. मागायचंच असेल तर त्या घरासाठी मागा, ज्या घरातून माझा डोळा यायचाय. त्या घराला धीर मिळू दे. त्या दिवशी त्यांच्या दारात माणसं असू देत. मयताच्या घरी चूल पेटत नाही, तर कुणीतरी त्यांना भाकरी नेऊन देऊ दे.

मग दर बुधवारी तेच सुरू झालं. कुठलं घर, कुठल्या जातीचं, कुठल्या गावचं, काही पत्ता नाही. मी हे ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, बाईचं डोकं फिरलंय. दानियलभाऊ मात्र दर वेळी शेवटी आपलं एक जोडायचे, "आणि डोळा येईपर्यंत माझं उरलेलं केस राखून ठेव, प्रभू." पाळकसाहेब हसू दाबत आमेन म्हणायचे.

एकदा त्यांचा नंबर लागला होता. मी फोन केला, दोघं पहिल्या एसटीनं आले. मार्थाबाई नवी साडी नेसलेल्या. इकडं आलेला डोळा तपासला तर काच कमजोर. बसवली तरी टिकली नसती. मीच बाहेर येऊन सांगितलं. दानियलभाऊंचा चेहरा पडला, आणि निदान तो बायकोला दिसत नाही हे बरं, असं मला वाटून गेलं. पण आवाज त्यांनी सांभाळला. "गाडी आली म्हणायची, पर आपल्या रूटची न्हाय. चल. पदर सांभाळ."

ते पाणी आणायला गेले तेव्हा मी विचारलं, "मार्थाबाई, तुम्हाला देवाचा राग नाही येत? मला येतोय बघा."

"येतो की!" त्या म्हणाल्या. "लई बोलते त्याला. पहाटं उठून भांडते. दुसऱ्या कुणाला बोलू? ह्यांना बोललं की हे रडतेत. देव ऐकून तरी घेतो." मग म्हणाल्या, "पर मॅडम, ज्याच्यावर भरवसा न्हाय त्याच्याशी माणूस भांडतंय व्हय?"

 

तर आता या बाईचाच नवरा गेला होता. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. आमचे डॉक्टर, मी आणि बर्फाची पेटी, जीप निघाली. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही गप्प?" मी म्हटलं, "समोर बघा तुम्ही."

दारात माणसं जमलेली. आत भजन चाललेलं. दानियलभाऊंना आंघोळ घालून पांढरा शर्ट घातला होता. लेक पुण्याहून निघाली होती, तिच्यासाठी थांबायचं होतं. मार्थाबाई उशाशी बसून हातानं डोळ्यांवरचा कापूस चाचपत होत्या, वाळला तर नाही ना म्हणून.

आम्ही पेटी खाली ठेवली आणि दानियलभाऊंचे धाकटे भाऊ, याकोबभाऊ, उठून उभे राहिले.

"हे चालायचं न्हाय," ते म्हणाले. "आमच्यात मेल्यावर माती झाली म्हणून संपत न्हाय, मॅडम. पुनरुत्थान हाय. शेवटच्या दिवशी कबरीतनं उठायचंय. माझा भाऊ त्या दिवशी बिनडोळ्यांचा उठंल? प्रभूला बघायचं कशानं त्यानं?"

ते काही अडाणीपणानं बोलत नव्हते. दुसऱ्या घरांत मला वेगळी कारणं ऐकू येतात, पुढच्या जन्मी आंधळा होईल वगैरे. त्याची माझ्याकडं तयार उत्तरं आहेत. याचं नव्हतं. मी पाळकसाहेबांकडं बघितलं. ते काही बोलणार, इतक्यात मार्थाबाईच बोलल्या.

"भावजी, हिकडं बसा. मला एक सांगा. त्या दिवशी म्याबी उठणार न्हवं?"

"व्हय वहिनी."

"मग मला देव आंधळीच उठवणार हाय का?"

याकोबभाऊ गडबडले. "न्हाय न्हाय, असं कसं? तवा समदं नवं मिळतंय."

"मग जो मला देणार हाय, तो ह्यांना देणार न्हाय व्हय? हे तर दुसऱ्याला देऊन गेलेले असत्याल."

याकोबभाऊ भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागले. पाळकसाहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं याकोबभाऊच उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, "सही कुठं करायची? साक्षीदार मी ऱ्हातो." मार्थाबाईंचा अंगठा घेतला. लोकांना बाहेर काढलं. डॉक्टरांचं काम फार वेळाचं नसतं. चेहरा विद्रूप होत नाही, पापण्या मिटलेल्याच राहतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी लोक नंतर वाकून बघतातच. याकोबभाऊंनीही बघितलं.

तेवढ्या वेळात मी मागच्या दारी जाऊन सरांना फोन लावला. सर म्हणजे आमच्या आय बँकेचे प्रमुख.

"सर, डोनरची बायको आपल्याच लिस्टवर आहे. एक काच तिला द्या."

"नंबर कितवा आहे तिचा?"

"पहिला नाही. पण सर, तिच्याच घरातून आलीय ना."

"मॅडम, आज तिच्या घरची म्हणून तिला. उद्या पुढाऱ्याच्या घरची म्हणून पुढाऱ्याला. मग ज्याच्या घरात कुणी मेलं नाही त्यानं काय करायचं? आणि गेल्या तपासणीत तिच्या डोळ्याचं प्रेशर वाढलेलं होतं. आत्ता बसवली तर टिकायची नाही. तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

मला सांगायला नको होतं. मला सगळं ठाऊक होतं. तरी मी भांडले. सरांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "पेटी घेऊन या."

आत येऊन मार्थाबाईंना कसं सांगावं कळेना. त्याच म्हणाल्या, "सरांना माझ्यासाठी इचारलं न्हवं तुमी? भिंतीपलीकडनं ऐकू आलं. नगा वाईट वाटून घेऊ. ह्यांनी आयुष्यात कधी कुणाला रांग मोडू दिली न्हाय. आता माझ्यासाठी मोडायला लावता व्हय?" आणि त्या हसल्या. हसता हसता तोंड वाकडं झालं.

तेवढ्यात समोरच्या शेखांच्या घरातून झाकलेलं ताट आलं. पिठलं आणि भाकरी. मग मागच्या आळीतून कुणी तरी टोपलं आणलं. मग वाण्याच्या घरून भाताचं पातेलं. या घरात चूल पेटणार नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि बायका पदराखाली झाकून एकामागून एक आणत होत्या. शेखांची सून मार्थाबाईंजवळ बसली आणि तिनं गरम भाकरी त्यांच्या हातात ठेवली. "चाची, दोन घास खाओ."

मार्थाबाईंनी भाकरी दोन्ही हातांत धरली. तोपर्यंत त्या रडल्या नव्हत्या. भाकरीची ऊब लागली आणि बांध फुटला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "आमी इतके दिस ज्या घरासाठी मागत व्हतो ना, ते हेच घर निघालं. दारात माणसं मागितली, आली बघा. भाकर मागितली, ती आली. समदं दिलं त्यानं." मग भाकरी मांडीवर ठेवून त्या आक्रोश करत म्हणाल्या, "पर म्या ह्यांचं तोंड बघायला डोळा मागितला व्हता गं! आता डोळा आला तरी काय बघू मी?"

इतक्या घरांत मी गेलेय. मयताच्या घरी रडायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मी पेटी उचलली आणि जीपमध्ये जाऊन रडले. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले, शहाणा माणूस.

दोन्ही काचा चांगल्या निघाल्या. दोन वेगळ्या माणसांना बसल्या. कुणाच्या कुणाला हे दोन्हीकडं सांगायचं नसतं. हा नियम मात्र मी कधी मोडलेला नाही; इथंही नावं-गावं बदलूनच सांगतेय.

मला वाटलं होतं, मार्थाबाई आता यायच्या नाहीत. काही महिन्यांनी लेकीचा हात धरून आल्या. प्रेशर तपासायला. मी विचारलं, "नाव ठेवायचं ना लिस्टवर?"

"ठिवा की. नातीनं मोबाइलवर ह्यांचा फोटू काढून ठिवलाय, टकलासकट. तोंड न्हाय तर न्हाय, फोटू तरी बघीन." आणि म्हणाल्या, "बुधवारी अजून मागतो आमी त्या घरासाठी. आमचं घर झालं, आता पुढचं कुठलं तरी असंल."

लेक केसपेपर काढायला गेली. मार्थाबाई बाकावर बसल्या. शेजारी एक आजोबा बसले होते. माकणीचे शेतकरी, गळ्यात इष्टलिंग, ऑपरेशननंतरच्या तपासणीला आलेले. त्यांच्या डाव्या डोळ्यात दानियलभाऊंची काच होती.

ते मला ठाऊक होतं. सरांना ठाऊक होतं. त्या दोघांना नव्हतं. मी हातात ड्रॉप्सची बाटली घेऊन तशीच उभी राहिले. आजोबांना दुसरीकडं बसवावं असं एकदा मनात आलं, पण मी तसं केलं नाही.

आजोबा वळून म्हणाले, "ताई, पदर सांभाळा. खाली लोळतोय."

मार्थाबाई एकदम ताठ झाल्या. मग पदर चाचपून वर घेतला. "तुमाला दिसतंय वाटतं आता?"

"दिसतंय की, महादेवाची किरपा! लई दिसांनी दिसतंय. कुणाचा डोळा हाय ते सांगत न्हाईत ही लोकं."

"त्या घरासाठी काय मागता का कधी?"

"मागतो की. रोज बेल वाहताना म्हणतो, ज्या घरातनं मला उजेड आला, त्या घराला संबाळ बाबा. मला नाव ठावं न्हाय, तुला ठावं हाय."

मार्थाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. मग म्हणाल्या, "आमच्याबी घरातनं गेलेत, दादा. आमच्या ह्यांचे. आमच्यासाठीबी कुणीतरी असंच म्हणत असंल का हो?"

"म्हणत असंल की! न म्हणून कसं चालंल?" आजोबा म्हणाले. आणि त्यांनी मार्थाबाईंच्या तोंडाकडं नीट बघितलं.

आता माझं शिक्षण मला सांगतं की काच बघत नाही, माणूस बघतो. बुबुळाचा रंग नाही, नजर नाही, आठवण तर नाहीच नाही. नखाएवढा पारदर्शक तुकडा असतो तो. लोकांना मी हेच समजावत आले. पण त्या दिवशी मी आजोबांना हाक मारायचं लांबवलं. मागच्या दोघांना आधी घेतलं. त्या डोळ्याला जरा वेळ मार्थाबाईंकडं बघू दिलं.

मी आता रिटायर झालेय. मार्थाबाईंचा नंबर अजून लागलेला नाही. मध्ये एकदा प्रेशर पुन्हा वाढलं, नाव मागं गेलं. परवा फोन केला तर म्हणाल्या, "बसलेय फलाटावर. गाडी यायची म्हंजी यायची." मग नेहमीप्रमाणे देवाची चार गाऱ्हाणी मला सांगितली आणि शेवटी विचारलं, "बुधवारी येता का चहाला?"

माझ्या कामातला धडा एवढाच. घरात माणूस गेला की पंखा बंद करा, डोकं उंच ठेवा, डोळ्यांवर ओला कापूस ठेवा आणि फोन करा. आणि मयत शेजारच्या घरात झालं असेल, तर भाकरी घेऊन जा. एक आंधळी बाई दर बुधवारी तेवढंच मागत बसलेली असते.